पत्रात फक्त पद सोड

प्रिय मित्रा,

तुझा राजीनाम्याचा मसुदा वाचला. त्यातलं बहुतेक सगळं मला पटलं, तरी तो आहे तसा देऊ नकोस असंच मी सांगणार आहे.

त्या पानांवर तू धर्मसमुदायातलं तुझं पद, तो समुदाय आणि श्रद्धा असं तिन्ही एकदम सोडतो आहेस. प्रत्यक्षात तुझं ठरलंय ते फक्त पदाचं. समुदायात राहायचं की नाही, याबद्दल तू दर भेटीत वेगळं बोलतोस. श्रद्धेचं काय झालंय हे तर तुझं तुलाच अजून उलगडायचं आहे, आणि त्याला वर्षं लागली तरी हरकत नाही. पण वाचणारे त्या कागदातून सगळ्यात मोठा अर्थ काढतील. कडक शिस्तीच्या समुदायात साध्या माणसाची शंका एक वेळ खपते. ‘वडील’ म्हणजे समुदायाचा धार्मिक पुढारी म्हणून पुढे बसणाऱ्याची शंका मात्र इतरांना लागेल अशी धास्ती असते. मग चौकशी बसते, समजूत घालायला माणसं येतात, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर तुझ्याशी संबंध ठेवू नका असा निरोप घरोघरी जातो. तो निरोप तुझ्या आईवडिलांनाही पाळावा लागेल, हे विसरू नकोस.

सोडण्याच्या रीतीवर धर्मांनी फार पूर्वीपासून विचार केला आहे. बौद्धांच्या विनयपिटकात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात, भिक्षुव्रत कधी सुटलं म्हणायचं, याची बारीक चर्चा आहे. ‘सोडून दिलं तर?’ असं भिक्षू नुसता म्हणाला, तर तो भिक्षूच राहतो. मन डळमळल्याची ती कबुली धरली जाते. शुद्धीवर असताना, समजू शकणाऱ्या माणसासमोर, ‘मी सोडतो’ असं नेमक्या शब्दांत म्हटलं, तरच ते सोडणं. असा रीतसर बाहेर पडलेला माणूस पुढे पुन्हा दीक्षा घेऊ शकतो. मला ही रीत फार माणुसकीची वाटते. तुझ्या मसुद्यात ‘मला वाटू लागलं आहे’, ‘कदाचित यापुढे’ अशी वाक्यं भरपूर आहेत, पण ‘मी राजीनामा देत आहे’ हे कुठेच नाही. अशा पत्राला उत्तर म्हणून राजीनाम्याची मंजुरी येत नाही, तुला बोलावणं येतं.

पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 11 फेब्रुवारी 2013 रोजी पद सोडत असल्याचं सांगितलं, ते निवेदन जरूर वाच. वयामुळे शक्ती पुरत नाही हे कारण, निर्णय आपण स्वखुशीनं घेत आहोत ही नोंद, आणि 28 फेब्रुवारीला रात्री 8 वाजता पद रिकामं होईल ही नेमकी वेळ. पुढे आभार, चुकांबद्दल क्षमा, आणि संपलं. चर्चमधल्या वादांवर तिथे ते भांडत बसले नाहीत. तुझ्या पत्रात एवढंच हवं: कोणती जबाबदारी, कोणत्या तारखेपासून, आणि एक खरं कारण. खरं म्हणजे सगळं नव्हे. ‘ही जबाबदारी मी यापुढे मनापासून पार पाडू शकत नाही’ हे खरं आहे आणि पुरेसं आहे. आजारपणाचं खोटं कारण मात्र देऊ नकोस. ते तुला पुढे प्रत्येकासमोर निभावत बसावं लागेल.

दुसऱ्या कुणी लिहून आणलेल्या मजकुरावर सही करू नकोस. कॅथलिक चर्चच्या 1983 च्या धर्मसंहितेनुसार पदाचा राजीनामा लेखी किंवा दोन साक्षीदारांसमोर द्यावा लागतो, आणि अन्यायानं घातलेल्या मोठ्या धाकाखाली दिलेला राजीनामा मुळात ग्राह्यच धरत नाहीत. तुमच्याकडे असा नियम असो वा नसो, तू तो स्वतःपुरता पाळ. प्रत जवळ ठेव.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. या पदावर असताना लोकांनी तुला त्यांची पापं, त्यांची भांडणं, त्यांच्या घरातली दुखणी सांगितली. ती त्यांनी पदाला सांगितली असं तुला वाटेल, पण ऐकणारा तू होतास. बाहेर पडल्यावर तुला राग येईल, आणि रागात ‘आत काय चालतं’ हे सांगताना याच माणसांच्या गोष्टी उदाहरणं म्हणून तोंडावर येतील. तिथे थांब. संस्थेवर, नियमांवर, निर्णयांवर बोलायचा तुला पूर्ण हक्क आहे. कुणाच्या कबुलीवर बोलायचा नाही. याला अपवाद एकच, आणि त्यात मी तडजोड मानत नाही: मुलांवरच्या अत्याचाराची काही माहिती तुझ्याकडे असेल, तर ती पोलिसांकडे गेलीच पाहिजे. राजीनाम्याआधी जा, त्याच दिवशी जा, पण जा. तिथे गुप्तता पाळणं म्हणजे अत्याचार करणाऱ्याला साथ देणं.

पद सोडलं की समुदायाची तुझ्यावरची नजर सुटेल, अशी आशा धरू नकोस. रेमंड फ्रान्झ हे ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाच्या नियमन मंडळाचे, म्हणजे त्याच्या सर्वोच्च मंडळाचे, सदस्य होते. 1980 मध्ये त्यांना त्या मंडळावरून जावं लागलं आणि 1981 मध्ये त्यांना बहिष्कृत करण्यात आलं. कारण दिलं गेलं ते समुदाय सोडून गेलेल्या माणसाबरोबर, म्हणजे ज्याच्याकडे ते काम करत होते त्याच्याबरोबर, जेवल्याचं. म्हणून पत्र देण्याआधीच विचार कर: राहतं घर कुणाचं आहे, पगार कुठून येतो, समुदायाबाहेर तुझा हक्काचा मित्र कोण. एकही नाव सुचत नसेल तर राजीनामा काही महिने पुढे ढकल आणि आधी माणसं जोड. हा भित्रेपणा नाही.

किल्ल्या, हिशेबाच्या वह्या, बँकेतली सही हे सगळं यादी करून पोच घेऊन दे. बायकोला मात्र आज सांग. ही बातमी तिला सभेत जाहीर होताना कळली, तर तो घाव समुदायानं घातलेला नसेल.

नवा मसुदा पाठव. एका पानापेक्षा मोठा असला तर मी कापणार आहे, आणि कापलेलं सगळं तुझ्याकडे वेगळं जपून ठेव. त्यातली श्रद्धेवरची पानं चांगली आहेत. त्यांवर आपण निवांत बोलू.

तुझा,
काका