स्पीकरचं चार्जिंग सर्किट जळालंय, नेमकं काय गेलंय हे कसं ओळखायचं?

५ व्होल्टच्या ब्लूटूथ स्पीकरला चुकून राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर लागला, धूर आला, आणि पिनेजवळची आठ पायांची आयसी इतकी काळी पडलीय की नंबर वाचता येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. गोल पीन दोन्हींची सारखीच बसते, त्यामुळे असे स्पीकर माझ्याकडे बरेच येतात.

आधी सेल सोडवून बाजूला काढा. फुगला असेल तर टोचू-दाबू नका, तो गेलाच. नसेल तर मीटर लावा. २.५ व्होल्टच्या खाली गेलेला सेल मी परत वापरत नाही.

एका लिथियम सेलवरच्या स्वस्त स्पीकरमध्ये ही आयसी बहुधा टीपी४०५६, म्हणजे सेल चार्ज करणारी आयसी, असते. खात्री पायांवरून करा: ३ नंबरचा पाय ग्राउंडला, ४ नंबरचा चार्जिंग पिनेच्या प्लसला, ५ नंबरचा सेलच्या प्लसला, आणि २ नंबरवरून एक रेझिस्टर ग्राउंडला. हे जुळलं तर तीच. ती ८ व्होल्टपर्यंतच सहन करते, १२ ला टिकणं शक्यच नाही.

पण कृपा करून नुसती आयसी बदलून सेल जोडू नका. मी एकदा तेच केलं. नवी आयसी गरम व्हायची, सेल मात्र भरेना. आतून शॉर्ट झालेल्या जुन्या आयसीने १२ व्होल्ट पुढे ढकलले होते आणि सेलच्या बाजूचा कॅपॅसिटर गेला होता. दिसायला अगदी चांगला होता! म्हणून जळकी आयसी काढल्यावर ४ आणि ५ नंबरच्या पॅडवरून (बोर्डवर पाय जिथे सोल्डर केलेले असतात ती जागा) ग्राउंडकडे मीटरची बीप तपासा. क्षणभर वाजून थांबली तर कॅपॅसिटर भरतोय, सतत वाजली तर शॉर्ट आहे. कुठे ते कळत नसेल तर बोर्डवर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडा आणि करंट मर्यादित ठेवून त्या लाइनला १ व्होल्ट द्या. जिथे ते सर्वांत आधी उडून जाईल तोच पार्ट. अल्कोहोल पेट घेतं, तेव्हा जवळ गरम सोल्डरिंग गन नको.

आयसीखालचा काळा कोळसा खरवडून पुसून काढा, त्यातूनही करंट वाहतो.

नवी आयसी बसवल्यावर सेल न जोडता ५ व्होल्ट द्या. ५ नंबरच्या पायावर साधारण ४.२ आले की मगच सेल जोडा. तरी आवाज आला नाही तर ॲम्प्लिफायरची आयसीही गेली असेल. आणि २ नंबरच्या रेझिस्टरवर १२२ छापलंय का बघा. तसं असेल तर चार्जिंग १ अँपिअरचं आहे, लहान सेलला ते जास्त होतं.