हैदराबादला जायचं ठरलं, पण कुणी?

"मॅडम, ऑफर चांगली आहे, पण महाराष्ट्र सोडावा लागेल. जाऊ का?" माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्यांचे अशा अर्थाचे प्रश्न वर्षभर येतच असतात. मार्च-एप्रिलमध्ये मात्र त्यांना ऊत येतो, कारण शाळांचे प्रवेश आणि कंपन्यांचं नवं वर्ष एकाच वेळी डोक्यावर येतं. विचारणारे बहुतेक पस्तिशी-चाळिशीतले. पंचविशीतली मुलं विचारत बसत नाहीत, बॅग भरतात आणि स्टेशनवरून फोन करतात. चाळिशीत बायकोची नोकरी असते, मुलांची शाळा असते, आईचे गुडघे असतात, अर्धं फिटलेलं गृहकर्ज असतं.

सोलापूरच्या एका जोडप्याबद्दल लिहिते. त्यांना महेश आणि सुनीता म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि लिहायला दोघांनीही होकार दिलाय.

महेश चिंचोळी एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत, क्वालिटी कंट्रोलला. हैदराबादच्या एका मोठ्या कंपनीनं त्याला बोलावलं होतं, पगार जवळपास दीडपट. कळवायला पंधरा दिवसांची मुदत. सुनीता अक्कलकोट तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका, २०१० पासून. मुलगी आठवीत, डॉक्टर व्हायचं म्हणणारी. घरात महेशची आई, वडील गेले. धाकटा भाऊ पुण्यात, स्वतःच्या फ्लॅटमध्ये. हा फ्लॅट पहिल्या अर्ध्या तासात महेशच्या बोलण्यात तीनदा आला.

येताना त्यांनी वहीचं एक पान आणलं होतं. मध्ये उभी रेघ, डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे. असली पानं मला नेहमी दाखवली जातात आणि खरं सांगायचं तर त्यांचा फारसा उपयोग होत नाही, कारण त्यात सगळ्या ओळी एकाच मापाच्या दिसतात. याही पानावर तोट्यांच्या रकान्यात 'पाणी बदलणार', 'तेलुगू येत नाही', 'सुनीताची नोकरी', 'गाडीचं पासिंग' असं एकाखाली एक लिहिलेलं. अक्षर वळणदार, फळ्यावर लिहायची सवय असलेल्या हाताचं. म्हणजे पान सुनीतानं लिहिलेलं होतं. 'माझी नोकरी' नव्हे, 'सुनीताची नोकरी'. महेश सांगत गेला होता आणि ती लिहून घेत गेली होती.

मी त्यांना एवढंच करायला सांगितलं: प्रत्येक ओळीपुढं ती कुणाच्या अंगावर येते त्याचं नाव लिहा. पगार महेश. बढती महेश. 'भावाच्या बरोबरीनं उभं राहणं' (हे फायद्यांत होतं) महेश. उजव्या रकान्यात नावं लिहिताना त्याचा हात सावकाश चालायला लागला. नोकरी सुनीता. शाळा मुलगी. तेलुगू मुलगी. एकटेपण आई. फायदे एकाच्या नावावर आणि तोटे तिघींच्या, हे दिसल्यावर तो जरा चिडलाच. "मी काय स्वतःसाठी चाललोय का?" असं म्हणाला. मी म्हटलं, स्वतःसाठी जाण्यात गैर काही नाही, फक्त ते तसं म्हणा. बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, "मला लॅबचा हेड व्हायचंय. इथं ते व्हायचं नाही. वरचे दोघं माझ्याच वयाचे आहेत."

हे त्याचं त्या दिवशीचं पहिलं खरं वाक्य. पगाराचं आम्ही नंतर मांडून पाहिलं होतं. दोन घरं चालवली तर भाडं, येणं-जाणं, वेगळा किराणा वजा जाता त्या दीडपटीतलं फार थोडं हाताला लागत होतं. पैशासाठीच जायचं असतं तर मी त्याला राहा म्हटलं असतं. कामात पुढं सरकायला वाव नाही म्हणून जाणारा माणूस राहिला तर त्याची किंमत घरात दुसऱ्याच रूपानं मोजली जाते, रोज संध्याकाळी, थोडी थोडी.

आता 'राज्य सोडणं' या भीतीकडे येते, कारण नातेवाईक त्याच्यावरच अडून बसले होते. "अरे, राज्य सोडून?" असं म्हणणाऱ्या मामांना नागपूरची बदली चालली असती, आणि सोलापूरहून नागपूर हैदराबादच्या जवळपास दुप्पट लांब आहे. हैदराबाद तीनशे किलोमीटर. नळदुर्ग, उमरगा, मग कर्नाटकातलं हुमनाबाद, पुढं झहीराबाद. पुण्याला लागतो त्यापेक्षा तास-दीड तास जास्त. सोलापूरच्या पूर्व भागात घराघरांत तेलुगू ऐकू येते. विणकर कुटुंबं पिढ्यांपूर्वी तिकडून इकडे आली, त्यांना कुणी राज्य सोडलंत म्हणून बोल लावला नाही. आणि मराठवाडा तर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. माणसांच्या दृष्टीनं ही हद्द पुसट आहे.

सरकारी कागदांच्या दृष्टीनं ती अजिबात पुसट नाही. जिथं कागद आहे तिथं मी फार कडक होते.

पहिला कागद सुनीताचा. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला आंतरजिल्हा बदली मागता येते, पण बदल्यांचं पोर्टल राज्याच्या हद्दीपर्यंतच चालतं. हैदराबाद म्हणजे राजीनामा. आणि राजीनामा मंजूर झाल्यावर पुन्हा यायचं तर टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा, मग अभियोग्यता चाचणी, मग शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल, त्यात वयोमर्यादा. म्हणजे व्यवहारात परत यायचंच नाही. नातेवाईकांचं यावर म्हणणं, "१ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेली आहे, जुनी पेन्शन नाहीच, मग काय धरून बसायचं?" पेन्शन नाही म्हणून नोकरीच नाही, हा हिशेब लोक दुसऱ्याच्या नोकरीबद्दल फार पटकन करतात.

दुसरा कागद मुलीचा, आणि हा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. महाराष्ट्रातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत एमबीबीएसच्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यात असतात. त्यासाठी अधिवासाचा दाखला तर लागतोच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. काही सरकारी नोकरांच्या मुलांना वगैरे सवलत आहे, ती यांना लागू नव्हती. तेलंगणात 'स्थानिक' ठरायला बारावीपर्यंतची सलग चार वर्षं तिथं शिकलेली लागतात. आता बघा. आठवी संपता संपता मुलगी नेली तर नववी ते बारावी तिथं होते, ती तिथली ठरू शकते. नववी इथं करून दहावीला नेली तर महाराष्ट्राची दहावी गेली आणि तेलंगणाची चार वर्षंही भरली नाहीत. त्रिशंकू. मग उरतो तो १५ टक्क्यांचा अखिल भारतीय कोटा आणि खासगी महाविद्यालयांची फी. "आधी एक वर्ष बघू, मग पोरीला नेऊ" हा महेशचा बेत ऐकायला समंजस वाटत होता आणि नेमका तोच सगळ्यात वाईट होता.

त्यात हे कुटुंब ओबीसी. नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात गेलेल्यांना तिथल्या राज्याच्या कोट्यात आरक्षण मिळत नाही, तिथं मुलगी खुल्या प्रवर्गात गेली असती. शिवाय तेलंगणात शाळांतून तेलुगू सक्तीची करणारा कायदा २०१८ पासून आहे. नववीत अक्षरओळखीपासून सुरुवात करणाऱ्या मुलीला सूट मिळते का, हे शाळेत जाऊनच विचारावं लागलं असतं. (हे नियम मधूनमधून बदलतात. ज्या वर्षी जायचं त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. ग्रुपवर फिरणाऱ्या पीडीएफवर मुलांची वर्षं टाकू नका.)

इथपर्यंत आल्यावर मला वाटलं होतं, सुनीता सुटकेचा श्वास टाकेल. तसं झालं नाही. तिला एकटीला भेटले तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, खरं सांगू का? राजीनामा द्यायची मला हौसच आलीय." रोज स्कूटीवर जाऊन-येऊन पन्नासच्या वर किलोमीटर, वर्गात दोन इयत्ता एकत्र, पोषण आहाराच्या नोंदी, रोज कसली ना कसली ऑनलाइन माहिती, त्यात बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं काम. महेशला वाटत होतं, बायको त्याग करतेय. बायको मात्र त्याच्या बदलीच्या आडोशानं पळ काढायच्या बेतात होती आणि त्याचं श्रेयही त्याग म्हणून घ्यायला तिची हरकत नव्हती. हे तिनंच हसत हसत कबूल केलं.

मी तिला विचारलं, शिकवण्याचा कंटाळा आलाय की बाकीच्या कामांचा? शिकवण्याचा नाही, हे तिनं लगेच सांगितलं. मग थकव्यावर राजीनामा हा इलाज नाही, आधी रजा. महिला कर्मचाऱ्यांना मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत बालसंगोपन रजा मिळते, एकूण १८० दिवस, तुकड्या-तुकड्यांनी. तिनं त्यातला एक दिवसही वापरला नव्हता. "मुख्याध्यापक तोंड वाकडं करतात," म्हणाली. करू देत.

राहिली आई. "आईला तिथं करमणार नाही" हे त्या पानावरचं सगळ्यात ठळक वाक्य होतं, त्याखाली दोन रेघा. आईला विचारलं का, असं मी म्हटल्यावर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पुढच्या वेळी त्या आल्या. नऊवारी, हातात पाण्याची बाटली, खुर्चीवर बसताना गुडघ्याला एक शिवी.

"मला कुणी विचारलंय का?" त्या म्हणाल्या. "हाच म्हणायलाय आईला करमत नाही म्हणून. इथं तरी काय करमायलंय? ही दोघं सकाळी जातेत, पोरगी शाळेला, मी टीव्ही बघत बसायले. माझं माहेर पूर्व भागातलं. शेजारी सगळे पद्मशाली, विणकर. तेलुगू मला येतंय की!"

मुलाला हे ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षं आईबरोबर राहून आपल्या आईला तेलुगू येतं हे त्याला माहीत नव्हतं. आईची अट एकच: घर तळमजल्यावर, नाहीतर लिफ्ट, आणि लिफ्ट चालणारी.

तेव्हा 'जायचं की राहायचं' हा प्रश्न आपोआप मोडला आणि 'कुणी जायचं' यावर आला. ज्यांचा कुठलाही कागद तुटत नव्हता असे दोघं होते, महेश आणि त्याची आई. ज्यांचा तुटत होता त्या सुनीता आणि मुलगी सोलापुरात राहणार. मेमध्ये सुट्टी लागली की सगळे हैदराबादला, जूनमध्ये शाळा उघडायच्या आत दोघी परत.

या व्यवस्थेवर मी खूश होते असं नाही. घर दोन गावांत विभागून राहिलं की दोन-एक वर्षांनी नवरा-बायकोच्या बोलण्यात फक्त याद्या उरतात: गॅस संपला, फी भरली, पास काढला. हे मी अनेक घरांत पाहिलंय. शिवाय तेरा वर्षांच्या मुलीच्या डॉक्टर होण्याच्या इच्छेवर चार वर्षांचा संसार टांगायचा का, हा प्रश्न होताच. तिची इच्छा उद्या बदलेल. म्हणून दहावीच्या निकालाला पुन्हा बसून विचार करायचा असं ठरवून घेतलं. तोवर तिचा कल वैद्यकीयकडे राहिला नाही तर अकरावीला तिला न्यायला काही आडकाठी नाही. राहिला तर आणखी दोन वर्षं असंच, पण ते पुन्हा ठरवून, रेटत नेऊन नव्हे.

महेशच्या मनात एक शेवटची अडी होती, ती त्यानं दाराशी उभं राहून सांगितली. माणसं महत्त्वाचं नेहमी चपला घालताना सांगतात. "जमलं नाही आणि परत आलो तर लोकांना तोंड कसं दाखवू?" यावर माझा उपाय अगदी साधा आहे. निरोपाचे पेढे वाटायचे नाहीत. विचारलं तर सांगायचं, "एक वर्षासाठी जातोय." वर्षानंतर तिथं राहिलात तर लोक म्हणतात, बरं जमलं. परत आलात तर म्हणतात, वर्ष झालं वाटतं. लोकांची स्मरणशक्ती आपल्याला वाटते तेवढी चांगली नसते.

याला आता वर्ष होऊन गेलं. महेश एक आड एक शनिवारी येतो. आई जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला म्हणून आल्या त्या महिनाभर राहिल्या आणि मग स्वतःच परतीचं तिकीट काढायला लावलं. तिथं भाजीवाल्याशी भांडायला त्यांची वाट बघत असावा कुणी. सुनीतानं रजा दोन तुकड्यांत घेतली, सोलापुरातच. पहिले काही दिवस नुसती झोपली म्हणे. राजीनाम्याचा विषय तिनं काढलेला नाही. जवळच्या शाळेसाठी जिल्ह्यांतर्गत बदलीचा अर्ज मात्र भरलाय. बीएलओचं काम तसंच आहे. महेश अजून हेड झालेला नाही.

गेल्या महिन्यात दोघं पुन्हा आले ते भांडत. महेशला तिथं फ्लॅट बुक करायचाय, बिल्डरची ऑफर दसऱ्यापर्यंत आहे. सुनीताचं म्हणणं, दहावीचा निकाल लागू दे. या वेळी यादी महेशनं स्वतःच्या हातानं लिहून आणली होती, प्रत्येक ओळीपुढं नाव घालून. 'ईएमआय' पुढं त्यानं दोघांची नावं लिहिली होती. सुनीतानं पेन मागून घेतलं आणि त्यातलं स्वतःचं खोडलं.