पासिंग ऑफचा दावा चालू असताना ट्रेडमार्कची नोंदणी मिळाली, तर ती पुराव्यात कशी आणायची?

तुमची अडचण अशी: चिवड्याच्या नावाची नक्कल झाली म्हणून नाशिकच्या जिल्हा न्यायालयात पासिंग ऑफचा (दुसऱ्याने आपला माल तुमचाच असल्याचं भासवून विकल्याचा) दावा लावला, कोर्टाने वादाचे मुद्दे काढले, आणि आता नोंदणी प्रमाणपत्र हाती आलं. ते दाखल होईल का, आणि त्याचा उपयोग किती?

दाखल होईल. उपयोग मात्र तारखांवर ठरेल. ट्रेडमार्क कायदा १९९९ च्या कलम २३ प्रमाणे नोंदणी अर्जाच्या तारखेपासून धरतात. पासिंग ऑफमध्ये कोर्ट वेगळंच बघतं: प्रतिवादीने ते नाव वापरायला सुरुवात केली, तेव्हा तुमच्या नावाला बाजारात पत होती का. समजा तो २०१९ पासून विकतोय आणि तुमचा अर्ज २०२२ चा आहे. मग त्या मुद्द्यावर प्रमाणपत्र काहीच सिद्ध करत नाही. तिथे २०१९ पूर्वीची विक्रीची बिलं, पाकिटं छापणाऱ्याची बिलं, जाहिराती, वर्षवार उलाढालीचा सीएचा दाखला हेच लागतं. नोंदणीपेक्षा आधीचा वापर वरचढ, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सय्यद मोहिदीन विरुद्ध सुलोचनाबाई खटल्यात स्पष्ट केलं आहे.

दाखल करताना संकेतस्थळावरची प्रिंट जोडू नका. मुंबईच्या ट्रेडमार्क रजिस्ट्रीतून टीएम-एम फॉर्मवर कोर्टकामासाठीचा दाखला (लीगल प्रोसीडिंग सर्टिफिकेट) मागवा. कलम १३७ प्रमाणे रजिस्ट्रारने प्रमाणित केलेली, शिक्क्याची प्रत मूळ कागद न दाखवता पुराव्यात घेतली जाते, त्यामुळे निशाणी (पुराव्यातला क्रमांक) पडताना वाद होत नाही. दावा व्यावसायिक (३ लाख किंवा जास्त मूल्याचा) असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ११ नियम १(५) खाली परवानगीचा अर्ज द्या, नाहीतर आदेश ७ नियम १४(३) खाली. कारण साधं आहे: दावा लावला तेव्हा हा कागद अस्तित्वातच नव्हता. दावा लावल्यावर सापडलेल्या कागदांना कारणाची तेवढी कडक कसोटी लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या सुधीर कुमार निकालात म्हटलं आहे. पण नोंदणीचा अर्ज प्रलंबित असल्याचं दावापत्रात लिहिलंच नसेल, तर 'हे का लपवलं' हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर अर्जातच द्या.

नुसता कागद जोडून थांबू नका, असं माझं ठाम मत आहे. आदेश ६ नियम १७ खाली दुरुस्ती अर्ज देऊन उल्लंघनाची, म्हणजे इन्फ्रिंजमेंटची, मागणी वाढवून घ्या. तिथे पत आणि नुकसान सिद्ध करावं लागत नाही. नाव आणि माल दोन्ही तंतोतंत सारखे असतील तर कलम २९(३) प्रमाणे गोंधळ गृहीत धरतात. सरतपासणीच्या (तुमच्या बाजूच्या साक्षीच्या) प्रतिज्ञापत्राआधीच हा अर्ज द्या. खटल्याची सुनावणी सुरू झाल्यावर 'योग्य दक्षता घेऊनही आधी मांडता आलं नाही' हे दाखवावं लागतं. प्रतिवादीचा वापर तुमच्या वापराच्याही आणि अर्जाच्याही आधीचा निघाला, तर तो कलम ३४ (आधीपासून वापरणाऱ्याला असलेलं संरक्षण) दाखवेल, आणि नोंदणी रद्द करून घेण्याचा मार्गही त्याला खुला आहे. तेवढी तयारी ठेवा.

खरा धोका तुमच्याच नोंदणीच्या फाईलमध्ये असतो. टीएम-ए फॉर्मवर, म्हणजे नोंदणीच्या अर्जावर, 'वापर प्रस्तावित' लिहिलं आणि दाव्यात '२०१२ पासून वापर' म्हटलं, की उलटतपासणी तिथूनच सुरू होते. त्याहून वाईट म्हणजे तपासणी अहवालाला, म्हणजे अर्जावरच्या रजिस्ट्रीच्या हरकतींना, दिलेलं उत्तर. रजिस्ट्रीने प्रतिवादीचं चिन्ह हरकत म्हणून पुढे केलं असताना 'दोन्ही नावं वेगळी आहेत' असं तुमच्या एजंटने लिहिलं असेल, तर आता ती सारखी असल्याचं कोर्टाला पटवणं फार कठीण. ती सगळी फाईल ऑनलाइन उघडी असते आणि समोरचे वकील ती वाचणारच. म्हणून प्रमाणपत्र दाखल करण्याआधी तुमच्या वकिलांनी ती पहिल्या पानापासून वाचायला हवी.