वाहनउद्योगाचा पत्रकार व्हायचंय, तर आधी काय शिकू?

तुम्ही विचारलंय की गाड्यांची आवड आहे, इंजिनांबद्दल वाचनही आहे, पण आशियातल्या वाहनउद्योगावर लिहायचं तर सुरुवात कुठून करावी. पुण्यात राहून मी हेच काम करतो. माझं उत्तर: आधी ‘विक्री’ या शब्दाचा अर्थ शिका.

आपल्याकडे दर महिन्याच्या सुरुवातीला कंपन्या जे आकडे देतात, ते बहुतेक डीलरकडे रवाना केलेल्या गाड्यांचे असतात. वाहन कंपन्यांची संघटना सियाम देते तेही तसेच. गिऱ्हाइकाच्या नावावर किती गाड्या चढल्या ते आरटीओच्या नोंदींवरून, म्हणजे ‘वाहन’ पोर्टलवरून कळतं. डीलरांची संघटना फाडा त्यावरून आकडे काढते. नवा असताना मी एका कंपनीच्या विक्रमी विक्रीची बातमी मोठ्या उत्साहाने दिली होती. त्याच आठवड्यात एका डीलरने मला त्याचं यार्ड दाखवलं. गाड्यांवर धूळ, बॅटऱ्या उतरलेल्या, आणि बँकेचं व्याज रोज चढतंय. “ही बघा तुमची विक्री,” एवढंच तो म्हणाला. त्याचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. तेव्हापासून दोन्ही आकडे शेजारी ठेवल्याशिवाय मी लिहीत नाही.

बाहेरच्या देशांतही आकड्यात काय धरलंय हे बघावंच लागतं. जपानमध्ये 660 सीसीपर्यंतच्या छोट्या, म्हणजे ‘केई’ गाड्यांचे आकडे वेगळी संघटना देते. ते घ्यायचे राहिले तर तिथल्या बाजाराचा तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग तुमच्या बातमीतून गळेल.

करारांच्या बाबतीतही धीर धरा. जनरल मोटर्सने 2017 मध्ये भारतातली विक्री थांबवली, तरी तळेगावचा कारखाना निर्यातीसाठी चालू होता. जानेवारी 2020 मध्ये तो चीनच्या ग्रेट वॉल या वाहन कंपनीला द्यायचं ठरलं. एप्रिलमध्ये सीमेलगतच्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी मंजुरी सक्तीची झाली. ती मिळालीच नाही, डिसेंबरात उत्पादन थांबलं, 2022 मध्ये करार बारगळला. मग 2023 मध्ये ह्युंदाईने कारखाना घ्यायचा करार केला. या तीन वर्षांत तिथल्या कामगारांनी घर कसं चालवलं, हे ज्यांनी लिहिलं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

चाकणला पहिली पाळी सुटते तेव्हा एकदा जाऊन उभे राहा. सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांतल्या लोकांशी चहाच्या टपरीवर बोला. ओव्हरटाइम बंद झालाय का, कंत्राटी पोरांना कामावरून ब्रेक दिलाय का, एवढं विचारा. मंदी तिथे आधी कळते, कंपनीच्या पत्रकात नंतर येते.