तुमचे पाय कोण धुतं?

नाशिकच्या शरणपूर रोडजवळच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येऊन बसतो. "ताई, स्वतःला किंमत दिली की गर्व होत नाही का?" संडे स्कूलच्या शिक्षिका विचारतात, क्वायरमधली मुलं विचारतात, पाळकीणबाई तर हमखास. म्हणून चर्चच्या एका पाळकांची, म्हणजे धर्मगुरूंची, गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.

वय पंचेचाळीसच्या आसपास. रविवारी दोन उपासना, दुपारी नाशिकरोडला प्रार्थनासभा, मध्येच देवळालीला दफनविधी, सगळं बाइकवर. झोप उडालेली. कोणी "छान संदेश झाला" म्हटलं की हात जोडून म्हणायचे, "मी कोण? सगळं प्रभूचं."

"आणि घरी गेल्यावर?" मी विचारलं.

बराच वेळ पंख्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "कोण कोण काहीच न बोलता निघून गेलं, ते मोजतो."

इतका प्रामाणिक माणूस क्वचित भेटतो. "मी कोणीच नाही" म्हणणाऱ्याचाही तराजू दिवसभर हातातच असतो, फक्त तो हलकं पारडं बघत बसतो. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेवरची. एलिस नास्तिक, पण त्याचं सांगणं मला मंडळीतल्या माणसांसाठीही फार कामी येतं: कामाला मार्क द्या, माणसाला नको. संदेश रटाळ झाला? झाला. त्यानं पाळकसाहेब टाकाऊ ठरत नाहीत.

त्यांना हे डोक्यात पटलं, पोटात उतरेना.

तिसऱ्या भेटीत बूट काढताना मोज्याचं भोक दिसलं. त्यांनी चटकन अंगठा आत आकसला. एक प्रश्न मी राखून ठेवला होता, तो तेव्हा काढला.

"पवित्र गुरुवारी तुम्ही बारा जणांचे पाय धुता ना?"

"दरवर्षी."

"तुमचे कोण धुतं?"

"छे, छे! मला कसं चालेल?" म्हणाले आणि थबकले. "हे तर पेत्राचं बोलणं झालं."

मी ख्रिस्ती नाही, संदर्भ त्यांनीच उलगडून सांगितला. बायबलमधलं योहानाचं शुभवर्तमान, अध्याय १३. येशू शिष्यांचे पाय धुतो. पेत्र हा शिष्य मात्र आपले पाय त्याला धुऊ देईना. येशू म्हणाला, मग माझ्याबरोबर तुला वाटा नाही. "वीस वर्षं हा उतारा सांगतोय," ते हळूच म्हणाले, "आणि दरवेळी मी येशूच्या जागी उभा!" मग पिशवीतून बायबल काढून तिसरं वचन वाचलं. आपण देवापासून आलो आणि देवाकडे जातो हे येशूला ठाऊक होतं. रुमाल कमरेला बांधला तो त्यानंतर.

आधी स्वतःची किंमत ठाऊक, मग सेवा. हा क्रम मला कुठल्या पुस्तकात इतका स्वच्छ सापडला नव्हता.

तेव्हापासून हा प्रश्न आला की मी सांगते: कौतुक झालं तर "आभारी आहे" म्हणा आणि गप्प बसा. पुढचं "मी कोण" गिळा, सुरुवातीला घशात अडकेल. आठवड्यातला एक वार सुटीचा ठेवा, मंडळीला आधी सांगून. पापकबुली देताना नेमकी चूक सांगा. "मी नालायक" ही कबुली नव्हे, पळवाट आहे. आणि आठवडेच्या आठवडे झोप नसेल तर उपास-प्रार्थनेच्या जोडीला डॉक्टरही गाठा.

पुढच्या पवित्र गुरुवारी रात्री त्यांचा फोन आला. चर्चच्या म्हाताऱ्या शिपायानं त्यांचे पाय धुतले होते.

"पाणी गार होतं ताई," ते हसत म्हणाले, "आणि त्यानं बोटांच्या बेचक्यासुद्धा सोडल्या नाहीत."