खारजमिनीतला मीठप्रिय जिवाणू ही नवी प्रजाती आहे, हे कसं ठरवायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: कोकणातल्या खारजमिनीतून मिळालेला जिवाणू 10% मिठावर जोमानं वाढतोय, त्याचं 16एस आरआरएनए जनुक (जिवाणूंची ओळख पटवायला वापरतात ते) जवळच्या प्रजातीशी 98.1% जुळतंय, मग ही नवी प्रजाती का? शक्यता चांगली आहे. पण गाईडना पेढे द्यायची घाई नको.

पूर्वी 97% ची रेघ धरायचे, आता साधारण 98.7% धरतात. जुळणी त्याखाली असेल तर प्रजाती नवी असू शकते, म्हणजे 98.1% वर तुम्ही रेघेच्या आत आहात. मात्र हे जनुक सुमारे 1500 बेसचं (डीएनएच्या अक्षरांचं) असतं. सातआठशे बेसच्या तुकड्यावरून काढलेल्या टक्केवारीवर माझा अजिबात विश्वास नाही. पूर्ण जनुक वाचून घ्या आणि तुलना इझीबायोक्लाउड या ऑनलाइन डेटाबेसवर टाइप स्ट्रेनशीच (प्रजातीचा अधिकृत नमुना असलेल्या जिवाणूशीच) करा. खरा निकाल जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, देतो: जवळच्या टाइप स्ट्रेनशी एएनआय 95-96 टक्क्यांच्या खाली आणि डिजिटल डीडीएच 70 टक्क्यांच्या खाली यायला हवं (दोन्ही आकडे दोन जीनोम किती जुळतात ते सांगतात).

आता मीठ. बरेच विद्यार्थी इथेच गफलत करतात. 10% मिठावर वाढतो म्हणून तो मीठप्रिय ठरत नाही, नुसता मीठ सोसणाराही असू शकतो. मिठाशिवाय वाढतो का आणि सर्वांत जोमानं किती मिठावर वाढतो, हे बघा. त्यातही यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आणि पेप्टोनमध्ये स्वतःचं थोडं सोडियम असतंच, त्यामुळे तुमचं ‘शून्य’ खरं शून्य नसतं. खारजमीन पावसात धुऊन निघते आणि उन्हाळ्यात तिच्यावर पांढरं फुटतं, त्यामुळे तिथले जिवाणू मिठाच्या बऱ्याच मोठ्या पट्ट्यात तग धरतात. डायल्यूशन (नमुना पातळ करणं) साध्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये करू नका, अतिमीठप्रिय पेशी त्यात फुटतात. प्लेटा पिशवीत बंद ठेवा, नाहीतर त्या सुकतात आणि मिठाचे खडे कॉलनी म्हणून मोजले जातात. (हसू नका, होतं असं.)

कॉलनी लाल-गुलाबी असेल तर तो जिवाणू तरी आहे का, हे आधी तपासा. 2020 मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं त्याचं कारण हॅलोआर्किया, म्हणजे मीठप्रिय आर्किया, असल्याचं सांगितलं होतं. आर्किया हा जिवाणूंहून वेगळाच सूक्ष्मजीवांचा गट.

फॅटी अ‍ॅसिड, क्विनोन, पोलर लिपिड या पेशीपटलातल्या रसायनांच्या चाचण्या लागतातच. पण जुन्या पेपरातले आकडे उचलून शेजारी मांडू नका. मीठ आणि तापमान बदललं की पेशीपटलातली फॅटी अ‍ॅसिड बदलतात. जवळच्या प्रजातींचे टाइप स्ट्रेन मागवा आणि तुमच्या जिवाणूसोबत, त्याच माध्यमात, तेवढ्याच मिठावर वाढवा. खर्च होतो, वेळ जातो, पण परीक्षक आधी हेच विचारतात. जमलं तर त्याच मातीतून आणखी एकदोन स्ट्रेन मिळवा. एकाच स्ट्रेनवर प्रजाती बेतणं चालतं, पण मला ते लंगडं वाटतं.

नाव अधिकृत व्हायला टाइप स्ट्रेन दोन वेगळ्या देशांतल्या कल्चर कलेक्शनमध्ये (जिवंत जिवाणू जपून ठेवणाऱ्या संस्थांमध्ये) ठेवावा लागतो आणि वर्णन आयजेएसईएम या शोधपत्रिकेत छापून यावं लागतं, किंवा दुसरीकडे छापलं तर त्यांच्या व्हॅलिडेशन यादीत यावं लागतं. शिवाय जैवविविधता कायदा 2002 नुसार नवी प्रजाती सरकारमान्य भांडाराला कळवून नमुना तिथे जमा करणं बंधनकारक आहे. कल्चर परदेशी पाठवण्याचे नियम पुण्याच्या एनसीएमआरला (राष्ट्रीय सूक्ष्मजीव संग्रह केंद्राला) आत्ताच विचारून घ्या. पेपर लिहून झाल्यावर या कागदपत्रांमागे धावण्यात महिने जातात.