गच्चीवरची काळी शीट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मागच्या मे महिन्यात गच्चीवर 4 मिमीची एपीपी शीट (गळती थांबवणारी डांबराची शीट) लावून घेतली. दिवाळीनंतर जागोजागी फुगे दिसायला लागले. दुपारी टम्म होतात, पहाटे बसतात. शीट खराब निघाली का? (इंदिरानगर, नाशिक)

उत्तर : शीटला बोल लावण्याआधी तिच्याखाली काय आहे ते पाहा. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गच्च्यांवर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर असतो. मे महिन्यात तो वरून खडखडीत दिसतो, पण भेगांतून शिरलेलं पाणी विटांच्या तुकड्यांत मुरून बसलेलं असतं. गच्ची तापली की त्याची वाफ होते आणि जिथे शीट नीट चिकटलेली नाही तिथे ती शीट उचलते. म्हणून शीट लावायच्या आदल्या संध्याकाळी मीटरभर लांब-रुंद पॉलिथिन चारही कडांनी टेपने चिकटवून ठेवावं. 16 तासांनी खाली दव दिसलं किंवा कोब्याचा रंग गडद झाला, तर काम पुढे ढकलावं. कंत्राटदार कुरकुरतो, कुरकुरू द्या.

दुसरं कारण टॉर्चचं, म्हणजे शीट चिकटवायच्या गॅसच्या ज्योतीचं. शीटच्या खालची पातळ प्लास्टिक फिल्म पूर्ण वितळून डांबर चकाकलं पाहिजे, तेव्हाच रोल पुढे ढकलायचा. घाईत फिल्म अर्धवट राहते आणि तिथे शीट नुसती टेकलेली असते. उलट ज्योत एकाच जागी रेंगाळली, तर डांबर वाहून आतलं पॉलिएस्टरचं कापड उघडं पडतं. तो तुकडा बदलावाच लागतो.

छोटा फुगा जोडापासून दूर असेल आणि वाढत नसेल, तर त्याला हात लावू नका. मोठा किंवा जोडाकडे सरकणारा फुगा कोरड्या दिवशी फुलीसारखा कापा, पाकळ्या उलगडून आतला ओलावा पूर्ण वाळवा, मग गरम करून दाबून बसवा. वरून कापापेक्षा सगळीकडून 15 सेंमी मोठं ठिगळ लावा, त्याचे कोपरे गोल कापा; चौकोनी कोपरे आधी उचलतात. शीट खडीवाली (वर बारीक खडीचा थर असलेली) असेल, तर ठिगळाखालची खडी तापवून डांबरात दाबून घ्या, नाहीतर ठिगळ खडीवरच चिकटतं आणि मधून पाणी शिरतं.

प्रश्न : 40 बाय 25 फुटांची गच्ची आहे. किती रोल आणि किती प्रायमर लागेल? (सातपूर)

उत्तर : रोल 1 बाय 10 मीटरचा असतो, पण बाजूचा जोड 10 सेंमी आणि टोकाचा 15 सेंमी धरला की हातात साधारण 8.9 चौ.मी. उरतात. तुमची गच्ची 93 चौ.मी., म्हणजे सपाट भागाला 11 रोल. कठड्याचा घेर 130 फूट, सुमारे 40 मीटर. एका रोलचे 33 सेंमीचे तीन पट्टे पडतात. त्यातले 10 सेंमी जमिनीवर, उरलेले वाट्यावरून (जमीन आणि कठडा यांच्या कोपऱ्यातली गोलाई) भिंतीवर. असे चार पट्टे पूर्ण पुरत नाहीत, कारण त्यांनाही जोड येतात, पाचवा लागेल, म्हणजे आणखी दोन रोल. एकूण 13 रोल मागवा. प्रायमर लिटरला 4 ते 5 चौ.मी. धरा, 25 लिटर पुरेल. तो हाताला चिकटेनासा झाल्याशिवाय टॉर्च पेटवू नये, त्यात ज्वलनशील द्रव असतो.

काम खोऱ्याच्या तोंडापासून, म्हणजे गच्चीवरचं पाणी जिथून पाइपात जातं त्या सर्वात खालच्या जागेपासून सुरू करायला सांगा. मग वरचा पट्टा खालच्यावर चढतो आणि पाणी जोडाच्या विरोधात जात नाही. शेजारच्या पट्ट्यांचे टोकजोड एका रेषेत येऊ देऊ नका. जोडाच्या कडेला डांबराची 5 ते 10 मिमीची सलग ओळ बाहेर आलेली दिसली पाहिजे. थंड झाल्यावर करणीचं टोक तिथे फिरवून बघा, ते आत शिरलं तर जोड कच्चा. कठड्यावरची कड उघडी सोडू नका: भिंतीत 2 सेंमीची खाच मारून आत वळवा आणि मसाल्याने बंद करा. गळत्या बऱ्याचदा याच कडेला आणि खोऱ्याच्या तोंडाशी सापडतात, मधल्या सपाट भागात नाही. शेवटी तोंडं बंद करून 48 तास पाणी भरून ठेवा. पण आधी स्लॅबला तेवढं वजन झेपेल ना, ते इंजिनिअरला विचारा.

प्रश्न : शीटवर सोलर हीटरचं स्टँड आणि वाळवणं चालतील का? (सिडको)

उत्तर : स्टँडचे पाय शीटमधून बोल्ट मारून बसवू नका; शीटचा जादा तुकडा अंथरून त्यावर काँक्रीटचे ठोकळे ठेवा. वाळवणं घालायची असतील किंवा संक्रांतीला पतंगासाठी सारी गल्ली वर चढत असेल, तर नुसती शीट पुरणार नाही. तिच्यावर जिओटेक्स्टाइल (जाड कृत्रिम कापड) अंथरून, सांधे सोडून, 4 ते 5 सेंमीचा काँक्रीटचा थर घालावा. खडी नसलेली साधी शीट उन्हात उघडी ठेवायचीच नसते. थर घालणार नसाल तर ॲल्युमिनियम रंग मारा आणि दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा मारा.